आंजिकोसचे 40 तास: बाराखडी तीच, क्रम उलटा

पोर्तुगीज भाषेतल्या जुन्या अंकलिप्यांमध्ये एक वाक्य हमखास असायचं: ‘एवा विउ आ उवा’. म्हणजे, ईवानं द्राक्ष पाहिलं. आपल्या ‘कमल नमन कर’चं हे सख्खं भावंड. उच्चार सोपे, अक्षरं मोजकी, शिकवणाऱ्याला सोयीचं. पण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी मुलखात, रात्रीच्या वर्गात, दिवसभर कुदळ मारून आलेल्या मजुरापुढे हेच वाक्य ठेवलं जाई. त्यानं द्राक्ष कधी तोंडात टाकलेलं नसे आणि त्याच्या वस्तीत ईवा नावाची बाई शोधून सापडली नसती. चार रात्री तो यायचा, पाचव्या रात्री यायचा नाही. मग शेरा पडायचा, ‘या लोकांना शिकण्याची इच्छाच नाही.’

हा शेरा आपल्याकडेही ओळखीचा आहे. साक्षरता वर्ग असो, बचत गटाचं हिशेबाचं प्रशिक्षण असो की एखाद्या कंपनीतलं सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण, माणसं गळायला लागली की दोष त्यांच्या इच्छेवर ढकलला जातो. मग इच्छा ‘निर्माण’ करायला मधेमधे खेळ, गुण, बिल्ले, टाळ्या, शेवटी चहा-समोसा. धडा मात्र जसाच्या तसा. म्हणून ब्राझीलच्या आंजिकोस गावातल्या साक्षरता वर्गांचं 1963 सालचं प्रकरण मला पुन्हा नीट उलगडून बघावंसं वाटलं. त्यात बिल्ले नव्हते, बक्षिसं नव्हती. दमून आलेली माणसं रोज रात्री तासभर बसत होती, आणि त्याचं कारण धड्याच्या बांधणीतच होतं.

गाव आंजिकोस, राज्य रियो ग्रांदे दो नॉर्ते. कोरडं, काटेरी झुडपांचं माळरान. त्या काळी ब्राझीलमध्ये 15 वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे 40 टक्के निरक्षर होते, आणि ईशान्येत परिस्थिती याहून वाईट होती. शिवाय 1946च्या राज्यघटनेनुसार निरक्षराला मताचा अधिकार नव्हता. म्हणजे लिहिता-वाचता न येणारा माणूस कर भरायचा, राबायचा, पण मतदार यादीत नसायचा. राज्याचे गव्हर्नर आलुइझिओ आल्व्हेस यांचं आंजिकोस हे जन्मगाव. पैसा मोठ्या प्रमाणात अमेरिकेचा, केनेडींच्या ‘अलायन्स फॉर प्रोग्रेस’ योजनेतला. क्यूबात क्रांती होऊन चार वर्षं झाली होती, आणि ईशान्य ब्राझील दुसरं क्यूबा होऊ नये म्हणून अमेरिका तिथे हात सैल सोडून खर्च करत होती. या पैशातून जे उभं राहिलं ते पाहून पुढे कुणाकुणाच्या पोटात गोळा आला ते नंतर येईलच.

कार्यक्रम आखणारे पाउलो फ्रेरे हे ईशान्येतल्याच रेसिफे शहरातल्या विद्यापीठाच्या सांस्कृतिक विस्तार विभागाचे प्रमुख. वय 41. कामात राजकीय ढवळाढवळ होणार नाही, ही अट घालूनच त्यांनी हे काम घेतलं. वर्ग चालवायला नाताल शहरातले विद्यापीठाचे विद्यार्थी होते, त्यांना आधी तयार केलं गेलं. उद्दिष्ट ठरलं: सुमारे 300 प्रौढ, 40 तास.

पण फ्रेरे इथवर थेट आले नव्हते, आणि आधीची एक ठेच समजल्याशिवाय आंजिकोसची रचना समजत नाही. 1950च्या दशकात ते उद्योगांनी चालवलेल्या एका समाजसेवा संस्थेत काम करत. कामगार पालकांपुढे व्याख्यानं देत. एका संध्याकाळी विषय होता मुलांना मारणं. फ्रेरेंनी मानसशास्त्राचा आधार घेऊन, बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचा दाखला देऊन, मारू नका, संवाद साधा, असं छान समजावून सांगितलं. व्याख्यान संपल्यावर चाळिशीचा एक कामगार उठला. तो अदबीनंच बोलला. त्यानं विचारलं, डॉक्टरसाहेब, आम्ही कुठे राहतो ते तुम्ही पाहिलंय का? मग त्यानं आपल्या घराचं वर्णन केलं: किती खोल्या, किती माणसं. मग फ्रेरेंचं घर कसं असेल तेही सांगितलं. मुलांना वेगळी खोली, मागे अंगण. ते वर्णन तंतोतंत जुळलं. आणि मग म्हणाला, तुम्ही दमून घरी जाता तेव्हा मुलं न्हाऊन, जेवून तयार असतात. आमची मुलं उपाशी असतात, आणि पहाटे चारला उठून पुन्हा तेच. आम्ही मारतो ते प्रेम नाही म्हणून नव्हे.

घरी जाताना गाडीत फ्रेरे पत्नी एल्झा यांच्याजवळ कुरकुरले, की मी तर स्पष्टच बोललो होतो, त्यांना कळलं नाही. एल्झा स्वतः प्राथमिक शिक्षिका. त्यांनी विचारलं, की त्यांना तुम्ही कळला नाहीत, की तुम्हाला ते कळले नाहीत?

प्रशिक्षणाच्या धंद्यात असलेल्यांनी हा गाडीतला प्रसंग मनात ठेवावा. फ्रेरेंनी ठेवला. पुढे रेसिफेत त्यांनी पहिला प्रयोग अवघ्या पाच निरक्षरांवर केला. त्यातले दोघं दोन-तीन दिवसांत गळाले. तिघं राहिले, वाचू लागले. हा आकडा मला मोलाचा वाटतो, कारण तो लपवलेला नाही. पाचातले तीन म्हणजे काही दणदणीत यश नव्हे. पण पुढचं सगळं त्या तिघांवर रचलं गेलं.

आंजिकोसमध्ये काम सुरू झालं ते गप्पांपासून. विद्यार्थी गावात गेले, लोकांत बसले आणि त्यांच्या तोंडचे शब्द टिपून घेऊ लागले. कुठल्या शब्दावर आवाज चढतो, कुठला शब्द हसत येतो, कुठला शिवी दिल्यासारखा. त्यातून मोजके शब्द निवडायचे होते. निवडीच्या कसोट्या तीन. एक, सगळे शब्द मिळून भाषेतले सगळे ध्वनी त्यात आले पाहिजेत. दोन, सोप्यापासून अवघडाकडे त्यांची चढण लागली पाहिजे. तीन, शब्द उच्चारला की माणसाला त्यावर काहीतरी बोलावंसं वाटलं पाहिजे. फ्रेरेंच्या मते पोर्तुगीजसाठी असे 15 ते 18 शब्द पुरतात. आंजिकोसच्या यादीत काय होतं पाहा: मका, मिठागर, बाजार, चूल, बूट, निवडुंग, कुदळीच्या जातीचं एक हत्यार, फुटबॉलचा गोलरक्षक. आणि ‘वोतो’, ‘पोवो’. मत आणि जनता.

पहिल्या दोन कसोट्या कुठलाही भाषातज्ज्ञ घरात बसून सांभाळेल. तिसरी घरात बसून सांभाळता येत नाही. शेतमजुराच्या तोंडात ‘मिठागर’ कसा येतो हे कळायला त्याच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं, त्याला दुसरा रस्ता नाही.

गंमत अशी, की इतकी मेहनत करून शब्द जमवले, तरी पहिल्या रात्री शब्द काढलाच नाही. आधी चित्रं. रेसिफेचे चित्रकार फ्रान्सिस्को ब्रेनांद यांनी दहा चित्रं काढून दिली होती, ती प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडायची. वर्गाला वर्ग म्हणायचं नाही, ‘संस्कृती मंडळ’ म्हणायचं. शिक्षकाला म्हणायचं समन्वयक, विद्यार्थ्याला सहभागी. (नुसती नावं बदलून काही होत नाही हे खरं. पण इथे खुर्च्याही गोलात होत्या आणि बोलणारं तोंडही दुसऱ्याचं होतं.)

पहिल्या चित्रात एक शेतकरी, विहीर, झाड, घर, पुस्तक, बाई. समन्वयक विचारणार: यातलं माणसानं काय केलं? विहीर. का खणली? पाणी हवं होतं. कशानं खणली? झाड कुणी केलं? झाड कुणी केलं नाही, ते उगवलं. पुढे एका चित्रात धनुष्यबाण घेतलेला आदिवासी शिकारी. त्यानंतर बंदूक घेतलेला शिकारी. त्यानंतर उंदरामागे लागलेलं मांजर. मांजर शिकारी आहे का? इथे म्हणे वादाला धमाल यायची. मांजर पकडतं, पण ते हत्यार बनवत नाही, पुढच्या मांजराला शिकवून ठेवत नाही. पुढे मातीची भांडी घडवणारी माणसं, मग त्याच भांड्यात फुलं. शेवटच्या चित्रात संस्कृती मंडळ स्वतःच. बसलेले लोक आपल्यालाच बघत.

हे सगळं अक्षर ओळखीआधी. घाईच्या माणसाला वाटेल की 40 तासांतले मोलाचे तास वाया घालवले. पण निरक्षर प्रौढ वर्गात येतो तो कोरी पाटी घेऊन नव्हे. त्या पाटीवर एक वाक्य कुणीतरी आधीच खोल कोरलेलं असतं: ‘आपल्याला डोकं नाही.’ ते पुसल्याशिवाय वर कितीही गिरवा, उमटणार नाही. या चित्रांनी तेच केलं. विहीर खणणं, मडकं घडवणं, टोपली विणणं हे ज्ञान आहे, आणि ते तुमच्याजवळ आहे. लिहिणं हे त्याच मालिकेतलं आणखी एक हत्यार. या मंडळांमधल्या एका चांभारानं चर्चेनंतर जे बोलून दाखवलं ते फ्रेरे आवर्जून सांगत: मी बूट बनवतो, आणि आता मला कळतंय की पुस्तकं बनवणाऱ्या डॉक्टरेटवाल्याइतकीच माझी किंमत आहे.

आता त्या पहिल्या शब्दाकडे येऊ. आंजिकोसमध्ये तो होता ‘बेलोता’, म्हणजे लोंबता गोंडा. घराघरातली वस्तू, काहीच जड नाही. भिंतीवर चित्र, चित्राखाली शब्द. आधी गप्पा. मग चित्र जातं, शब्द उरतो: बेलोता. मग त्याचे तुकडे: बे – लो – ता. समन्वयक पहिल्या तुकड्याचं कुटुंब दाखवतो: बा बे बी बो बू. सगळे म्हणतात. मग ला ले ली लो लू. मग ता ते ती तो तू. शेवटी तिन्ही ओळी एकाखाली एक, एकाच तक्त्यावर. या तक्त्याला ते ‘शोधाचा तक्ता’ म्हणत. आडवं वाचायचं, उभं वाचायचं. आणि मग समन्वयकानं गप्प बसायचं. प्रश्न एवढाच: यातून आणखी काय बनतं?

मराठी वाचक इथे थबकेल. अहो, ही तर बाराखडी! खरंच तीच. रोमन लिपीत व्यंजन आणि स्वर सुटेसुटे असतात, बाराखडीची सोय नसते. फ्रेरेंच्या तक्त्यानं ती सोय करून दिली. जी आपल्याकडे शेकडो वर्षं आहे आणि जिचं नाव काढताच पिढ्यान्‌पिढ्यांना जांभई आली आहे.

मग तिथे जांभई का आली नाही? क्रम उलटा होता म्हणून. आपल्याकडे आधी क-का-कि-की घोका, सगळी बाराखडी संपली की मग शब्द, शब्द झाले की वाक्य, आणि वाक्य झालं की कधीतरी, नशीब असेल तर, स्वतःला काही म्हणायचं असेल ते. बक्षीस रांगेच्या अगदी शेवटी. आंजिकोसच्या तक्त्यावर पंधरा तुकडे दिसताक्षणी माणूस स्वतःचा शब्द जोडू शकत होता, त्याच रात्री. ‘लोबो’ म्हणजे लांडगा. ‘बोला’ म्हणजे चेंडू. ‘लाता’ म्हणजे डबा. ‘लूता’ म्हणजे लढा. ‘बा’ घेऊन ‘ता’ दोनदा जोडला की ‘बाताता’. हा शब्द तर आपल्याही घरात रोज शिजतो. बटाटा आला तो या भाषेतूनच. पगारही आणि गवंड्याचं घमेलंही. मजुराच्या हातातली निम्मी मराठी त्या बाजूनं आलेली आहे, हे जाता जाता.

घरून येताना आणखी शब्द करून आणायचे. त्यात काही अर्थाचे असत, काही बिनअर्थाचे. अर्थ असलेल्यांना ‘विचाराचे शब्द’ म्हणायचे, नसलेल्यांना ‘मेलेले शब्द’. मेलेला शब्द आणला तरी चूक धरायची नाही, कारण जोडणीची किल्ली त्याच्या हातात आल्याचा तोही पुरावाच. वर्गात सगळे मिळून ठरवणार, हा जिवंत की मेलेला. चुकीची भीती काढायची याहून साधी युक्ती मी पाहिलेली नाही. आपल्याकडे तांबडी शाई असते.

दुसऱ्या एका ठिकाणी, ‘तिजोलो’ म्हणजे वीट या शब्दावर काम चालू असताना, एका माणसानं ता-जा-लाच्या तक्त्याकडे बघत तीन तुकडे उचलले आणि वाक्यच केलं: ‘तू जा ले’. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ: तू वाचतोयस की! ‘तू’ दोन्ही भाषांत तूच. समन्वयकानं ‘शाब्बास’ म्हणायच्या आधी त्या माणसानं स्वतःला शाब्बास म्हटलं, आणि तेही नुकत्याच हाती आलेल्या अक्षरांत.

ही युक्ती मराठीत चालते का ते मी कागद-पेन घेऊन पाहिलं. रोजगार हमीच्या कामावरची माणसं डोळ्यांपुढे आणली आणि शब्द घेतला ‘मजुरी’. तीन कुटुंबं: म, ज, र. मा मी मु मू मे मो, जा जी जु जू जे जो, रा री रु रू रे रो. पाच मिनिटांत निघाले: मुरूम, मोजा, रोज, रोजी, जरा, जोर, रुजू, मेजर, मोरी. मुरूम आणि मोजा, रोज आणि रोजी! रस्त्याच्या कामाचं आख्खं जग त्या तीन अक्षरांत दडलंय. आणि मग एक वाक्य समोर आलं, ते मी मुद्दाम शोधत नव्हतो:

रोज मजुरी मोजा.

सगळी अक्षरं त्याच तीन कुटुंबांतली. हे वाक्य हमीच्या कामावरच्या बाईनं पहिल्या आठवड्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, तर तिला दुसऱ्या आठवड्यात यायला चहा-समोसा लागणार नाही. अर्थात मराठीत पुढे खडक लागतो. जोडाक्षरं आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहे, रफार आहे, आणि ‘कमल’ लिहायला सोपं पण ‘कामगार कल्याण’ लिहायला महिना. पंधरा-अठरा शब्दांत भागेल असं मला वाटत नाही. शब्द जास्त लागतील. क्रम तोच ठेवायला मात्र आडकाठी दिसत नाही.

शिक्षणरचनेच्या अभ्यासात प्रेरणेचा विषय निघाला की फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे जॉन केलर यांचं नाव येतंच. 1980च्या दशकात त्यांनी मांडलं की शिकणाऱ्याला धरून ठेवायचं तर चार गोष्टी बघाव्यात: लक्ष वेधलं जातंय का, विषय आपला वाटतोय का, जमेल असा विश्वास येतोय का, आणि केल्याचं समाधान मिळतंय का. आंजिकोसवर ही चौकट वीस वर्षं उशिरा आलेली आहे, तरी बसते. मांजर शिकारी आहे का हा प्रश्न लक्ष वेधतो. मिठागर आणि मका आपले वाटतात. विहिरीचं चित्र विश्वास देतं. ‘तू जा ले’ हे समाधान. पण मला इथे केलरांपेक्षा वेगळा एक मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. ही चौकट हाती आली की आपण चार रकाने करतो आणि प्रत्येकात एकेक उपाय भरतो. लक्ष वेधायला व्हिडिओ, विश्वासाला सोपी चाचणी, समाधानाला प्रमाणपत्र. आंजिकोसमध्ये उपाय वेगळे नव्हतेच. एकच तक्ता चारही कामं करत होता. तो काढून घेतला असता तर प्रेरणा गेली असती आणि धडाही गेला असता. आपल्याकडच्या प्रशिक्षणातून खेळ काढून घेतले तर धडा जसाच्या तसा उरतो, यावरून काय ते समजा.

त्याच सुमाराला आपल्याकडे दुसरा रस्ता धरला गेला होता. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. तिथे जोर होता गावाच्या अब्रूवर: आख्खं गाव साक्षर करायचं, झालं की ग्रामगौरव समारंभ. ‘शेजारच्या गावाचा झाला, आपला कधी?’ या एका प्रश्नानं म्हातारे-कोतारे पाटी घेऊन बसले. ही प्रेरणा बाहेरची होती, पण परकी नव्हती. तिला कमी लेखायचं कारण नाही. फक्त समारंभ झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिच्यात जास्त लवकर येतो.

आंजिकोसलाही तो प्रश्न होताच, आणि इथे थोडं कडक व्हायला हवं. 40 तासांत जे आलं ते किती टिकलं? शेवटच्या परीक्षांचे सरासरी निकाल साक्षरतेत 70 टक्के आणि सामाजिक-राजकीय जाणिवेच्या चाचणीत 87 टक्के असे नोंदले गेले. सुमारे 300 जणांनी अभ्यासक्रम पुरा केला. आकडे छान आहेत, पण ते शेवटच्या दिवसाचे आकडे आहेत. 40 तासांत माणूस वाचक होत नाही, वाचनाच्या दारापर्यंत येतो. दाराच्या आत काय होतं? वर्तमानपत्रं? पत्रं? पुढचा टप्पा आखलेला होता, तो झाला नाही. शिवाय नाताल सोडून आलेले उत्साही विद्यार्थी, राज्याचा पाठिंबा, साऱ्या देशाचं लक्ष, हे सगळं रोजच्या सरकारी वर्गाला कुठून मिळायचं? समन्वयकानं गप्प बसायचं असतं हे सांगायला सोपं आहे. वीस वर्षांचा पोरगा असो की वीस वर्षं मुरलेला मास्तर, तक्ता पुढे ठेवून दोन मिनिटं तोंड मिटून बसणं सगळ्यात अवघड. तिथे एकानं जरी ‘बघा, यातून लोबो होतो’ असं उत्साहानं सांगून टाकलं की शोधाचा तक्ता पुन्हा अंकलिपी झाला.

आणि शब्द छापील झाले की काय होतं? ज्यांनी ज्यांनी ही पद्धत नंतर उचलली त्यांना मोह पडणार तो हाच: चांगले शब्द एकदा शोधलेत ना, मग तेच सगळीकडे पाठवा. राजधानीत बसून सतरा शब्द, राज्यभर एकच पुस्तिका. आंजिकोसचं ‘मिठागर’ डोंगरातल्या गावात गेलं की त्याचं द्राक्ष होतं. मेहनतीचा भाग नेमका तोच आहे जो पुस्तिकेत घालता येत नाही, आणि अंदाजपत्रकात त्यालाच पैसे नसतात.

प्रेरणेचं आणखी एक मूळ होतं, ते रचनाकाराच्या हातातलं नव्हतं. साक्षर झालं की मत मिळणार होतं. शिकण्याचा उपयोग पुस्तकी नव्हता, कायद्यानं ठरलेला होता. गव्हर्नरना नवे मतदार हवे होते, हेही उघड होतं. शिकणाऱ्यांनी मात्र उपयोग स्वतःच्या हिशेबानं करून घेतला. कामगार कायद्याची चर्चा मंडळात झाली आणि गावातल्या बांधकाम मजुरांनी हक्काच्या साप्ताहिक सुट्टीसाठी संप केला. गावात संप ही गोष्ट नवीच होती. जमीनदारांनी त्या वर्गांना ‘कम्युनिस्ट’ म्हणायला सुरुवात केली ती इथून. विषय आपला वाटावा, असं प्रत्येक प्रशिक्षणाच्या आराखड्यात लिहिलेलं असतं. तो खरोखर आपला वाटला तर माणसं उठून काहीतरी मागतील, ही शक्यता आराखड्यात कुणी लिहीत नाही.

2 एप्रिल 1963. शेवटचा, चाळिसावा तास. राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्त स्वतः आंजिकोसला आले, गव्हर्नर आले, फौजफाटा आला. शिकलेल्यांपैकी एकानं राष्ट्राध्यक्षांसमोर भाषण केलं. पाहुण्यांत रेसिफेच्या लष्करी विभागाचे प्रमुख जनरल कास्तेलो ब्रांको होते. कार्यक्रमानंतर त्यांनी राज्याच्या शिक्षण सचिवांना ऐकवलं, की तुम्ही या माळरानात साप पोसताय, अशी आठवण सचिवांनी नंतर नोंदवून ठेवली आहे.

मग गोष्टी झपाट्यानं घडल्या. आंजिकोसच्या जोरावर देशभर सुमारे 20,000 संस्कृती मंडळं उभारून 20 लाख लोकांपर्यंत पोचायची योजना ठरली. भिंतीवर चित्रं पाडायची यंत्रं पोलंडहून मागवली गेली. जानेवारी 1964 मध्ये योजनेचा हुकूमनामा निघाला. 31 मार्चच्या रात्री लष्करानं उठाव केला, 14 एप्रिलला योजना रद्द झाली. कास्तेलो ब्रांको राष्ट्राध्यक्ष झाले. फ्रेरे 70 दिवस तुरुंगात, मग बोलिव्हिया, मग चिली. मायदेशी परतायला त्यांना पंधरा-सोळा वर्षं लागली. आंजिकोसमध्ये लोकांनी वह्या लपवल्या, नष्ट केल्या. ज्या वहीत ‘बाताता’ आणि ‘लूता’ एकाच पानावर होते, ती घरात सापडणं आता धोक्याचं होतं.

निरक्षरांना ब्राझीलमध्ये मताचा अधिकार मिळाला तो 1985 साली. आंजिकोसच्या वर्गात ‘वोतो’ हा शब्द फोडून, जोडून, लिहून शिकलेल्यांना मात्र आपला राष्ट्राध्यक्ष थेट मतानं निवडायला 1989 साल उजाडावं लागलं.